वैद्यकीय सेवक आणि लसीकरण

वैद्यकीय सेवक आणि लसीकरण : रुग्णांची प्रत्यक्ष सेवा करणारे डॉक्टर व परिचारिका, तसेच रुग्णालय, प्रयोगशाळा, रुग्णवाहिका यांसारख्या ठिकाणी ज्यांचा रोगकारक द्रव्यांशी संबंध येतो ते तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, सफाई कामगार व स्वयंपाकी हे सर्व ‘वैद्यकीय सेवक’ या संज्ञेत येतात. लसीकरणाच्या संदर्भात या वर्गाचे स्थान तिहेरी आहे. रोगाची बाधा होण्याचा धोका त्याला सामान्य नागरिकापेक्षा अधिक असतो. बाधा झाल्यास ती दुर्बल रुग्णांपर्यंत त्याच्यामार्फत पोहोचू शकते. आणि लोकांना लस घेण्याचा सल्ला देणाराही तोच असतो. म्हणून आपण स्वतः लस घ्यावी की नाही, हा त्याचा निर्णय केवळ खाजगी राहत नाही. तथापि लसीविषयीचे ज्ञान सर्वांत निकट असलेला हा वर्ग लस सर्वांत आधी व निःशंकपणे घेतो, हा समज इतिहासाच्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाही. नैसर्गिक रीत्या देवी झालेला जगातील शेवटचा रुग्ण अली माओ मालिन हा सोमालियातील मेर्का येथील रुग्णालयात स्वयंपाकी होता व त्याने काही काळ लसीकरण मोहिमेतही काम केले होते. लस टोचताना दुखते या भीतीने त्याने स्वतः ती टाळली होती. ऑक्टोबर १९७७ मध्ये दोन रुग्णांना घेऊन जाणाऱ्या वाहनास वाट दाखविताना त्याला संसर्ग झाला. तो बरा झाला आणि पुढे पोलिओ निर्मूलनाच्या कार्यात त्याने लोकांना लसीचे महत्त्व पटवून दिले (मृत्यू २०१३).

प्रारंभीचा काळ : एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने १४ मे १७९६ रोजी गोस्तन देवीच्या लसीचा पहिला प्रयोग केला व १७९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही लस मध्यपूर्वेच्या मार्गाने भारतात आली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस भारतातील पहिली लस टोचण्यात आली. त्या काळी वैद्यवर्गात लसीचे समर्थक होते, तसेच विरोधकही होते. जंतुसिद्धांत अद्याप प्रस्थापित झालेला नव्हता. लस कशी कार्य करते हे कोणालाही सांगता येत नव्हते. आणि एका हाताच्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या हातावर टोचण्याच्या पद्धतीमुळे इतर रोग पसरण्याची भीती निराधार नव्हती. एकोणिसाव्या शतकात अनेक देशांत देवीच्या लसीची सक्ती करणारे कायदे झाले (मुंबई इलाख्यातील कायदा १८७७ चा होय). ही सक्ती मुख्यत्वे बालकांसाठी होती. वैद्यकीय सेवकांचा वेगळा विचार होण्यास पुढे नव्या लसी निघाव्या लागल्या.

मुंबईतील प्लेग : वैद्यकीय सेवकाने लस प्रथम स्वतःवर वापरण्याचे ठळक उदाहरण मुंबईच्या इतिहासात सापडते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोग्यांची तपासणी करून हा ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेग आहे, असे निदान अकॅसियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्यातील डॉक्टरांनी केले. रोगाचा फैलाव वाढताच भारत सरकारने सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांना मुंबईस पाठविले. पटकीवरील लसीचा प्रयोग त्यांनी १८९२ मध्ये पॅरिस येथे स्वतःवर केला होता व नंतर भारतात हजारो लोकांस ती टोचली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत काम करून त्यांनी काही महिन्यांतच प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तिची १० घ. सेंमी. इतकी मोठी मात्रा स्वतःस टोचून घेतली. ज्वर व वेदना यांचा त्रास झाला, पण ते त्यातून सुखरूप बाहेर पडले. त्यानंतर महाविद्यालयातील अध्यापक व शहरातील काही प्रतिष्ठित नागरिक स्वेच्छेने पुढे आले.

अशा आत्मप्रयोगाने लस तात्काळ घातक नाही एवढेच सिद्ध होते. ती रोगापासून संरक्षण देते की नाही, हे कळत नाही. त्यासाठी तुलना आवश्यक होती. जानेवारीच्या अखेरीस भायखळा येथील तुरुंगात रोग शिरला, तेव्हा निम्म्याच्या आसपास कैद्यांनी लस घेतली. पुढील काळात लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग होऊन ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांस लागण झाली, परंतु मृत्यू झाला नाही. कैद्यांच्या संमतीला स्वेच्छा म्हणावे काय, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला गेला नाही.

प्लेगच्या साथीत शुश्रूषा करणाऱ्यांना किती धोका होता, हे सावित्रीबाई फुले यांच्या मृत्यूवरून दिसून येते. रोग्यांची सेवा करीत असता संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे पुणे येथे निधन झाले. परंतु लसीबद्दलचा विश्वास सावकाशच वाढला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी एका बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत हाफकिन यांच्यावर ठपका ठेवून त्यांना पदावरून दूर करण्यात आले. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी पुराव्याची छाननी करून दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली उघडतानाच्या हाताळणीत असल्याचे दाखवून दिले, तेव्हा १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. त्यांनी स्थापन केलेल्या परळ येथील प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. मुल्कोवालच्या प्रकरणाने एक गोष्ट स्पष्ट केली : लस निर्दोष असली, तरी ती तयार करणारी व टोचणारी यंत्रणा निर्दोष असेलच असे नाही, आणि लस घेणारा मनुष्य या दोहोंवर एकाच वेळी विश्वास ठेवीत असतो.

विषमज्वर व क्षय : इंग्लंडमधील नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात ऑल्मरॉथ राइट यांनी १८९६ च्या सुमारास विषमज्वरावरील लस तयार केली. तिचा प्रयोग त्यांनी स्वतःवर व सहकाऱ्यांवर केला. पुढे भारतातील इंग्रज सैनिकांसही ती टोचली. बोअर युद्धात (१८९९–१९०२) ती ऐच्छिक ठेवण्यात आली व पाच टक्क्यांहून कमी सैनिकांनी ती घेतली. लस टोचल्यावर एकदोन दिवस येणारा ताप सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. न झालेला विषमज्वर मात्र कोणालाच दिसत नव्हता. त्या युद्धात विषमज्वराने आठ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मृत्युमुखी पडले. नंतर संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअर्सन यांनी राइट यांच्या आकडेवारीवर १९०४ मध्ये आक्षेप घेतला. जे सैनिक आपण होऊन लस घेतात ते आरोग्याबाबत अगोदरच अधिक दक्ष असण्याचा संभव असतो, म्हणून केवळ स्वेच्छेने पुढे आलेल्यांची इतरांशी तुलना करणे पुरेसे नाही, हा त्या वादातून पुढे आलेला मुद्दा लसशास्त्रास कायमचा उपयोगी पडला.

हाच प्रश्न परिचारिकांच्या बाबतीत ऑस्लो येथे उपस्थित झाला. उलेव्होल रुग्णालयातील डॉक्टर योहानेस हाइमबेक यांनी १९२४ पासून शिकाऊ परिचारिकांची ट्युबरक्युलीन चाचणी घेण्यास सुरुवात केली. ज्यांची चाचणी प्रवेशाच्या वेळी नकारात्मक होती, अशा मुलींना क्षय होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यांना आढळले. खेड्यांतून आलेल्या या निरोगी मुली क्षयाच्या वॉर्डात जणू असुरक्षित अवस्थेतच पाठविल्या जात होत्या. हाइमबेक यांनी त्यांना बीसीजी लस ऐच्छिक स्वरूपात देऊ केली व लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण घटल्याची नोंद केली. आक्षेपकांनी पुन्हा निवडीतील पक्षपाताकडे बोट दाखविले. १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक येथे लसीत चुकून जहाल क्षयजंतू मिसळले जाऊन सत्तरहून अधिक अर्भके दगावल्याने संशय अधिकच बळावला. पुढे ब्रिटनमधील चाचण्यांत बीसीजी प्रभावी ठरली, तर तमिळनाडूतील चिंगलपट येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसीय क्षयास तिने प्रतिबंध होत नसल्याचे दिसून आले. परिणामी यूरोपातील अनेक देशांत परिचारिकांना ही लस देण्याचा प्रघात पडला, तर अमेरिकेत लसीमुळे ट्युबरक्युलीन चाचणीचे निदानमूल्य कमी होते या कारणाने ती सहसा दिली गेली नाही. एकाच रोगाशी रोज संबंध येणाऱ्या दोन देशांतील परिचारिकांना अशा प्रकारे परस्परविरुद्ध सल्ला मिळत राहिला.

यकृतशोथ ब : रक्तातून पसरणाऱ्या यकृतशोथ ब या विकाराचा धोका शल्यचिकित्सक, दंतवैद्य, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ व परिचारिका यांना विशेष असतो. प्रतिरक्षा नसलेल्या व्यक्तीस बाधित रक्ताची सुई टोचली गेल्यास संसर्गाचा संभव ६ ते ३० टक्के इतका असतो. बारूक ब्लुम्बर्ग यांनी या विषाणूच्या पृष्ठजनकाचा शोध लावला व त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाधित व्यक्तींच्या रक्तद्रवापासून तयार केलेल्या लसीस अमेरिकेत नोव्हेंबर १९८१ मध्ये मान्यता मिळाली व लवकरच वैद्यकीय सेवकांना ती घेण्याची शिफारस झाली.

ही लस सेवकांच्या स्वतःच्याच हिताची होती, तरीही प्रतिसाद थंड राहिला. एड्स या रोगाची पहिली नोंद जून १९८१ मध्ये झाली होती व लसीसाठी रक्तद्रव देणाऱ्यांत समलिंगी पुरुषांचा समावेश होता. एड्सचे कारण अद्याप अज्ञात असताना, या लसीतून तो रोग येणार नाही याची हमी कशी मिळणार, हा डॉक्टर व परिचारिकांचा प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. लस तयार करताना वापरलेल्या रासायनिक प्रक्रियांनी सर्व ज्ञात विषाणू निष्क्रिय होतात असे पुढील अभ्यासांतून सिद्ध झाले. पण ते सिद्ध होईपर्यंत काळ लोटला. तीन मात्रांची सु. १०० डॉलर किंमत हीदेखील अडचण होती. १९८६ मध्ये यीस्ट पेशींपासून जनुकीय तंत्राने तयार केलेली लस आली व रक्तद्रवाचा प्रश्नच उरला नाही. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत नियम झाला, की मालकाने ही लस विनामूल्य देऊ केली पाहिजे; सेवकास ती नाकारता येईल, मात्र तसे लिहून द्यावे लागेल व पुढे विचार बदलल्यास लस मिळण्याचा हक्क कायम राहील. सक्ती नसलेल्या या व्यवस्थेचा व सुरक्षित हाताळणीच्या नियमांचा एकत्रित परिणाम लक्षणीय होता. तेथील वैद्यकीय सेवकांतील नव्या संसर्गांची अंदाजी संख्या १९८३ मधील सु. १७,००० वरून १९९५ मध्ये सु. ४०० वर आली.

भारतात परदेशी लसीची किंमत दीर्घकाळ आवाक्याबाहेर होती. हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ मध्ये स्वदेशी जनुकीय लस बाजारात आणल्यावर किंमत बरीच उतरली. राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रमात (२०१८) वैद्यकीय सेवकांच्या लसीकरणाचा अंतर्भाव करण्यात आला. मात्र मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरास ही लस सहज मिळते, तर वापरलेल्या सुया गोळा करणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारास तिची माहितीही नसते, असे चित्र अनेक ठिकाणी आढळते. न मिळालेली लस व नाकारलेली लस यांत भेद न केल्यास ‘सेवकांची अनास्था’ हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

इतरांसाठी घ्यावयाची लस : ज्या लसीचा लाभ मुख्यतः दुसऱ्यास होतो, तिच्या बाबतीत निर्णय अधिक बिकट होतो. जर्मन गोवर (रुबेला) हा प्रौढास सौम्य, परंतु गर्भास घातक रोग आहे. तरीही लॉस अँजेल्स येथील एका प्रसूती रुग्णालयातील पाहणीत (१९८१) लस देऊ केली असता डॉक्टरांचा प्रतिसाद अल्प असल्याचे दिसून आले.

इन्फ्ल्यूएंझाची लस हे याचे प्रमुख उदाहरण होय. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकापासून ती वैद्यकीय सेवकांनी दरवर्षी घ्यावी अशी शिफारस आहे; परंतु अनेक वर्षे निम्म्याहून अधिक सेवक ती घेत नसत. आपण निरोगी आहोत, लसीनेच ताप येतो, लस पुरेशी गुणकारी नाही, वेळ मिळाला नाही, ही कारणे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत पुनःपुन्हा आढळतात. मृत विषाणूंच्या लसीने इन्फ्ल्यूएंझा होत नाही, म्हणून दुसरे कारण चुकीचे आहे. तिसरे मात्र सर्वस्वी चुकीचे नाही, कारण विषाणूच्या बदलत्या स्वरूपामुळे लसीची परिणामकारकता वर्षागणिक कमीजास्त होते. ग्लासगो व परिसरातील वृद्धोपचार रुग्णालयांत १९९० नंतरच्या दशकात झालेल्या अभ्यासांत सेवकांच्या लसीकरणामुळे रुग्णांचे मृत्यू घटल्याचे दिसले. पुढील समीक्षकांनी या पुराव्याची प्रत कनिष्ठ असल्याचे मत नोंदविले. १९७६ मध्ये अमेरिकेत डुकरांच्या इन्फ्ल्यूएंझाच्या भीतीने चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचण्यात आली, साथ मात्र आलीच नाही. उलट गीयाँ-बारे हा तंत्रिका विकार दर लाखामागे सु. एक या प्रमाणात वाढल्याने मोहीम थांबवावी लागली. ही आठवण २००९ च्या साथीतही डॉक्टर व परिचारिकांच्या मनात होती.

रोग समोर नसताना लस घेण्यास सांगितल्यास काय होते, हे २००३ मध्ये दिसून आले. जैविक हल्ल्याच्या शक्यतेमुळे अमेरिकी शासनाने सु. पाच लाख वैद्यकीय सेवकांना देवीची लस देण्याचे ठरविले. देवीचे निर्मूलन होऊन दोन दशके उलटली होती, लसीचे दुष्परिणाम सुविदित होते, काहींना हृदयावरील शोथ झाल्याचे आढळले आणि इजा झाल्यास नुकसानभरपाईची तरतूद आरंभी नव्हती. प्रत्यक्षात सु. ४०,००० सेवकांनीच लस घेतली. या नकारास अंधश्रद्धा म्हणता येत नाही. उपलब्ध माहितीवरून धोका व लाभ यांचा मांडलेला तो हिशेब होता.

सक्तीचा प्रश्न : सीॲटल येथील व्हर्जिनिया मेसन या वैद्यकीय केंद्राने २००४ मध्ये इन्फ्ल्यूएंझाची लस ही नोकरीची अट ठरविली. पहिल्याच वर्षी लसीकरण ९७ टक्क्यांच्या वर गेले. परिचारिकांची संघटना न्यायालयात गेली व तिच्या बाजूने निर्णय लागला. सेवाशर्ती संघटनेशी वाटाघाटी न करता बदलता येत नाहीत, हा त्यामागील मुद्दा होता. विरोध करणाऱ्यांतील अनेकींनी लस घेतलेलीच होती. त्यांचा आक्षेप लसीस नसून आज्ञेस होता. न्यूयॉर्क राज्याने २००९ मध्ये केलेली सक्ती न्यायालयीन स्थगिती व लसीचा तुटवडा यांमुळे काही आठवड्यांतच मागे घेण्यात आली.

कोव्हिड-१९ च्या साथीत हा प्रश्न जागतिक झाला. फ्रान्समध्ये सप्टेंबर २०२१ पासून सक्ती लागू होऊन सु. ३,००० सेवक निलंबित झाले. त्यांना मे २०२३ मध्ये पुन्हा रुजू होण्याची मुभा मिळाली. इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमांतील सेवकांस नोव्हेंबर २०२१ मध्ये सक्ती झाली, परंतु रुग्णालयांत ती अमलात येण्यापूर्वीच मनुष्यबळ गमावण्याच्या भीतीने मार्च २०२२ मध्ये संपूर्ण नियम रद्द करण्यात आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये शासकीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांतील सक्ती वैध ठरविली. ती २०२३ मध्ये संपुष्टात आली.

भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास प्रारंभ झाला व पहिला मान वैद्यकीय सेवकांना देण्यात आला. पहिल्या दिवशी सु. १.९१ लाख सेवकांनी लस घेतली. अपेक्षित संख्या सु. तीन लाख होती. नोंदणीच्या संगणकीय प्रणालीतील अडचणी हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण अधिक मूलभूत होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड व भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन या दोन लसींना ३ जानेवारी रोजी मान्यता मिळाली, तेव्हा कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेची आकडेवारी प्रसिद्ध झालेली नव्हती. तिला ‘वैद्यकीय चाचणीच्या स्वरूपात’ मान्यता असल्याने ती घेणाऱ्यास संमतिपत्रावर सही करावी लागे. दिल्लीतील एका मोठ्या रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी या कारणास्तव दुसऱ्या लसीची लेखी मागणी केली. मार्चमध्ये अंतरिम निष्कर्ष जाहीर झाले, संमतिपत्राची अट काढण्यात आली, व जुलैमध्ये ७७.८ टक्के परिणामकारकतेचा अंतिम निष्कर्ष आला. लस गुणकारी ठरली. म्हणून आकडेवारी मागणारे चुकले होते असे मात्र म्हणता येत नाही. दरम्यान एप्रिल-मे मधील दुसऱ्या लाटेने थांबून राहण्याची किंमतही दाखवून दिली होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी निर्णय दिला, की संविधानाच्या अनुच्छेद २१ नुसार कोणाही व्यक्तीस लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन प्रमाणशीर निर्बंध घालू शकते.

निर्णयामागील घटक : जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ गटाने २०१४ मध्ये लसीबाबतच्या दोलायमानतेची व्याख्या केली व तिची विश्वास, बेफिकिरी व सोय अशी तीन अंगे सांगितली. वैद्यकीय सेवकांच्या इतिहासात ही तिन्ही दिसतात. त्यांखेरीज आणखी दोन घटक विचारात घ्यावे लागतात. पहिला, व्यावसायिक ज्ञान. ते संशय दूर करते तसेच नेमका संशयही निर्माण करते, आणि त्याचे उत्तर घोषणेने नव्हे, पुराव्यानेच द्यावे लागते. दुसरा, सेवक व व्यवस्थापन यांतील संबंध. जेथे हातमोजे, मुखपट, पगारी रजा व इजेची भरपाई यांबाबत हेळसांड होते, तेथे केवळ लसीच्या बाबतीत दाखविलेली तत्परता सेवकांस हिताची वाटत नाही.

रुग्णास मात्र आपल्या परिचारिकेची निवड करता येत नाही. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेला कर्करोगी अथवा अपुऱ्या दिवसांचे अर्भक हे ज्या हातांच्या आधारावर जगतात, त्या हातांपासून त्यांना अपाय होऊ नये, हे वैद्यकाचे जुने तत्त्व आहे. आपल्या शरीरावरील सेवकाचा हक्क व अपायापासून संरक्षण मिळण्याचा रुग्णाचा हक्क यांचा मेळ वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळ्या रीतीने घातला आहे. यकृतशोथ ब लसीच्या बाबतीत मोफत लस, मोकळी माहिती, नकाराची नोंद व फेरविचाराची मुभा या उपायांनी सक्तीवाचून मोठे यश मिळाले. मात्र तेथे लाभ स्वतः सेवकाचा होता. जेथे तो मुख्यतः रुग्णाचा आहे, तेथे हे उपाय कितपत पुरेसे ठरतात याविषयी तज्ञांत मतभेद आहेत.